अमेरिकेत पहिलीच गाडी, बजेट कमी आणि ह्युंदाई-किया डोक्यात आहे? मग हे क्रमाने करा

इथे नवीन आलेल्या माणसाला पहिला सल्ला ठरलेला असतो, जुनी कोरोला नाहीतर सिव्हिक घे आणि डोळे झाकून चालव. सल्ला वाईट नाही, पण त्या जुन्या कोरोलाला मागणीच इतकी असते की दोन-तीन वर्षं वापरलेली घ्यायला गेलं तरी भाव नव्याच्या जवळ जातो, आणि तेवढ्यात थोडी भर घातली की ह्युंदाईची कोरी एलांट्रा येते. म्हणून बरेच जण ह्युंदाईकडे नाहीतर तिच्या बहिणीकडे, म्हणजे कियाकडे वळतात. दोन्ही एकाच ग्रुपच्या, बरीचशी इंजिनं तीच, फक्त कपडे वेगळे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या गाड्यांत फायदा की तोटा हे स्टिकरवरच्या किमतीवर ठरत नाही, वॉरंटी तुमच्या वाट्याला किती येते आणि गाडी कुठल्या चावीवर चालू होते या दोन गोष्टींवर ठरतं. बाकी रंग, सनरूफ, स्क्रीन वगैरे नंतर बघता येतं.

आधी कागदं, मग शोरूम

लायसन्स. भारतातलं लायसन्स आणि सोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट यावर किती दिवस चालवता येतं हे प्रत्येक राज्याचं वेगळं आहे, त्यामुळे मित्राने टेक्सासमधून सांगितलेलं न्यू जर्सीत लागू होईलच असं नाही, तुमच्या राज्याच्या डीएमव्हीची, म्हणजे इथल्या आरटीओची, साइट बघा. पण खरं सांगायचं तर गाडी घेण्याआधी इथलं लायसन्स काढूनच टाका, कारण इन्शुरन्सवाला भारतातला दहा वर्षांचा अनुभव फारसा धरत नाही, त्याच्या लेखी तुम्ही परवा शिकलेले ड्रायव्हर आहात आणि प्रीमियम तसाच येतो.

दुसरं क्रेडिट. सोशल सिक्युरिटी नंबर हातात आला की एक साधं क्रेडिट कार्ड काढून ते दरमहा पूर्ण भरत राहा, सहा-आठ महिन्यांत क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्ज फेडण्याची तुमची पत दाखवणारा आकडा, दिसायला लागतो. एफ-१ वर आलेल्या विद्यार्थ्यांना तर कॅम्पसवर जॉब लागेपर्यंत नंबरच मिळत नाही, मग लोन जवळपास विसराच, रोख पैशात जुनी गाडी हाच रस्ता. टीव्हीवर ज्या कमी व्याजाच्या जाहिराती येतात त्यात खाली बारीक अक्षरात वेल क्वालिफाइड बायर असं लिहिलेलं असतं, तो बायर आपण पहिल्या वर्षी नसतो.

आकड्यात सांगतो म्हणजे पटेल. २२,००० डॉलरचं लोन, ६० महिने. व्याज ६ टक्के असेल तर हप्ता साधारण ४२५ डॉलर. तेच १२ टक्के असेल तर ४८९. महिन्याला ६४ डॉलरचा फरक म्हणजे काही नाही वाटतं, पण पाच वर्षांत ३,८०० डॉलरच्या वर गेले. म्हणून डीलरकडे जायच्या आधी जवळच्या क्रेडिट युनियनमध्ये, म्हणजे आपल्या पतपेढीसारख्या संस्थेत, लोनचं प्री-अप्रूव्हल घ्या, कंपनीत एचआरला विचारा की कुठली क्रेडिट युनियन लागू आहे, बऱ्याच ठिकाणी असते.

मॉडेल कुठलं

भारतातून येताना डोक्यात आय१०, आय२०, क्रेटा असतात. त्यातली एकही इथे मिळत नाही. आपली व्हर्ना म्हणजे इथली ॲक्सेंट होती, तीही २०२२ मॉडेलनंतर अमेरिकेत बंद झाली, कियाची रिओ २०२३ नंतर गेली. छोट्या स्वस्त सेदानचा धंदा इथे सगळ्यांनीच आवरता घेतलाय. १९८६ मध्ये ह्युंदाई अमेरिकेत आली तीच ४,९९५ डॉलरची एक्सेल घेऊन, आणि पहिल्याच वर्षी दीड लाखाच्या वर गाड्या विकल्या, पण त्या गाड्या इतक्या लवकर खिळखिळ्या व्हायच्या की नाव खराब व्हायला फार वेळ लागला नाही. ते धुऊन काढायलाच १९९८ मध्ये दहा वर्षांची वॉरंटी जाहीर केली, तिच्याकडे पुढे येऊच.

आज खालच्या टोकाला जे आहे ते असं.

व्हेन्यू. ह्युंदाईची सगळ्यात स्वस्त गाडी, २० हजार डॉलरच्या थोडं वर सुरू होते. नाव ओळखीचं आहे म्हणून फसू नका, भारतातली व्हेन्यू चार मीटरच्या आत बसवलेली असते, इथली थोडी लांब आणि इंजिन १.६ लिटरचं बिनटर्बोचं, १२१ हॉर्सपॉवर. तळेगावच्या प्लांटमधून २०२५ च्या शेवटी जी नवी व्हेन्यू यायला लागली ती वेगळी पिढी, इथे विकली गेली ती आधीची, कोरियातून उल्सानहून आलेली. गावात चालवायला मस्त, पार्किंग सोपं. पण हायवेवर ताशी ७५ मैलांच्या स्पीडने चाललेल्या ट्रकांच्या रांगेत रॅम्पवरून घुसायचं म्हटलं की ॲक्सिलरेटर तळाला टेकवावा लागतो आणि इंजिन नुसतं ओरडतं. ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद, नाहीच.

एलांट्रा. माझ्या मते बजेटवाल्यांसाठी हीच. किंमत व्हेन्यूपेक्षा साधारण दोन हजारांनी जास्त, पण गाडी मोठी, डिकी मोठी, २ लिटर १४७ हॉर्सपॉवर, आणि गंमत म्हणजे मायलेजही व्हेन्यूपेक्षा चांगलं. व्हेन्यू गॅलनला ३१ मैल देते म्हणजे आपल्या भाषेत लिटरला १३ किलोमीटर, एलांट्राची साधी ट्रिम, म्हणजे व्हेरिएंट, ३५ च्या वर जाते म्हणजे १५. हायब्रिड घेतलीत तर ५० च्या आसपास, आणि ब्लू नावाच्या खालच्या ट्रिमला ५४, म्हणजे लिटरला जवळपास २३ किलोमीटर. रोज ऑफिसला पन्नास-साठ मैल असतील तर हायब्रिडचाच हिशोब करा. हायब्रिडमध्ये सहा गिअरचा ड्युअल क्लच आहे, ट्रॅफिकमध्ये अगदी हळू चालवताना किंचित धक्का जाणवतो, टेस्ट ड्राइव्हला मुद्दाम गर्दीच्या रस्त्यावर न्या.

कियात याच गटातली के४, २०२५ मॉडेलपासून फोर्टेच्या जागी आली, मेक्सिकोत बनते, मागच्या सीटवर जागा भरपूर, आईवडील सहा महिन्यांसाठी यायचे असतील तर ही नक्की बघा. सेल्टोस भारतातलीच ओळखीची, पण इथली २ लिटर इंजिनची आणि ऑल व्हील ड्राइव्ह मिळते. ह्युंदाईची कोनाही तशीच. मिनेसोटा, मिशिगन, अपस्टेट न्यूयॉर्क असल्या बर्फाच्या भागात लोक ऑल व्हील ड्राइव्हच हवं म्हणून अडून बसतात, पण त्याने बर्फातून गाडी सुटायला मदत होते म्हणून थांबायलाही होईल असं नाही, ब्रेक लागतो तो टायरवर. साधी एलांट्रा आणि विंटर टायरचा एक सेट हे बऱ्याच जणांना पुरतं.

आणि एक छोटी गोष्ट, २०२१ ते २०२३ च्या दरम्यानची एलांट्रा जुनी घेत असाल तर कारप्ले स्वतः फोन लावून बघा. छोट्या ८ इंची स्क्रीनवर तो वायरलेस चालायचा आणि महाग ट्रिमच्या मोठ्या स्क्रीनला वायर लागायची. जास्त पैसे देऊन वायर.

खिडकीवरचा कागद नीट वाचा

नव्या गाडीच्या काचेला आतून एक मोठा कागद चिकटवलेला असतो, कायद्याने तो असावाच लागतो, १९५८ पासून. त्यावर वर बेस किंमत, खाली फॅक्टरीत बसवलेली ॲक्सेसरी एकेक करून, फ्लोअर मॅटसुद्धा वेगळे धरलेले असतात, मग डेस्टिनेशन चार्ज म्हणून हजाराच्या वरचा एक आकडा, जो जाहिरातीतल्या किमतीत बऱ्याचदा नसतो आणि माफही होत नाही. खाली एका चौकटीत गाडी शेवटी कुठे जोडली ते लिहिलेलं असतं. विन नंबरचं, म्हणजे प्रत्येक गाडीच्या ओळख क्रमांकाचं, पहिलं अक्षरही तेच सांगतं, के म्हणजे कोरिया, ३ म्हणजे मेक्सिको, ५ किंवा १ म्हणजे अमेरिका.

याने काय फरक पडतो? एक म्हणजे टॅरिफ. २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्या गाड्यांवर आधी २५ टक्के लागला, मग कोरियापुरता तो १५ वर आला, त्यामुळे किमती हलत असतात आणि सहा महिन्यांपूर्वी मित्राला मिळालेला भाव तुम्हाला मिळेलच असं नाही. दुसरं म्हणजे टॅक्स. २०२५ ते २०२८ या वर्षांत नव्या गाडीच्या लोनच्या व्याजावर वर्षाला १० हजार डॉलरपर्यंत वजावट मिळते, पण गाडीची शेवटची जोडणी अमेरिकेत झालेली हवी. अलाबामात मॉन्टगोमेरीच्या प्लांटमध्ये बनलेली टुसॉन त्यात बसू शकते, उल्सानहून आलेली व्हेन्यू नाही. अर्थात एवढ्यासाठी टुसॉन घेऊ नका, व्याज किती आणि टॅक्स किती वाचणार हे आधी मांडून बघा.

या मूळ कागदाच्या शेजारी डीलरने स्वतःचा दुसरा कागद लावलेला असला तर तो संशयाने वाचा. टायरमध्ये नायट्रोजन, काचेवर विन कोरणे, पेंट प्रोटेक्शन, दाराच्या कडेला प्लॅस्टिकची पट्टी, आणि कधीकधी मार्केट ॲडजस्टमेंट नावाचा निव्वळ वरचा पैसा. हे सगळं नको म्हणता येतं. आधीच लावलंय असं उत्तर येतं, मग काढा नाहीतर पैसे कमी करा, नाहीतर पुढचा डीलर आहेच.

वॉरंटीचं गणित

इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. ह्युंदाई-कियाची ती प्रसिद्ध १० वर्षं किंवा १ लाख मैलांची वॉरंटी फक्त पॉवरट्रेनची, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स आणि त्यांच्या आतले भाग, आणि ती फक्त पहिल्या मालकाला. बाकी गाडीची ५ वर्षं किंवा ६० हजार मैल. पहिल्या मालकाने गाडी विकली की दुसऱ्याच्या हातात पॉवरट्रेनचीही ५ वर्षं ६० हजार मैलच राहते, आणि ती मोजायची ती गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली त्या तारखेपासून. म्हणजे चार वर्षांची गाडी फेसबुकवर कुणाकडून घेतली आणि तो म्हणाला अजून सहा वर्षं वॉरंटी आहे, तर ती त्याची होती, तुमची नाही.

याला एक वाट आहे, सर्टिफाइड प्री-ओन्ड. कंपनीच्याच डीलरकडून सर्टिफाइड गाडी घेतली तर पॉवरट्रेनची १० वर्षं १ लाख मैल परत मिळते, मूळ तारखेपासून मोजून. खाजगी विक्रेत्यापेक्षा हजार-दोन हजार जास्त पडतात, पण या कंपनीच्या बाबतीत मी ते देईन. नवी घ्यायला पैसे पुरत नसतील तर दोन-तीन वर्षांची सर्टिफाइड एलांट्रा, यापुढे फार डोकं चालवायची गरज नाही. डीलरच्या आवारात नुसतं सर्टिफाइड लिहिलेलं असेल तर विचारा कोणाचं सर्टिफिकेट, ह्युंदाईचं की डीलरचं स्वतःचं, कारण शब्द तोच वापरतात.

टॅक्सी किंवा डिलिव्हरीच्या धंद्याला गाडी लावणार असाल तर ही लांब वॉरंटी लागू होत नाही, सही करायच्या आधी पुस्तिकेत तेवढं पान वाचा. सॅल्व्हेज टायटल असेल, म्हणजे गाडी आधी एकदा मोडीत काढल्याची कागदावर नोंद असेल, तर वॉरंटीचा विषयच संपला.

जुनी घेताना दोन सापळे

पहिला चावीचा. २०११ ते २०२२ च्या दरम्यानच्या बऱ्याच ह्युंदाई-किया, ज्या चावी फिरवून चालू होतात, त्यात इमोबिलायझर बसवलेलाच नव्हता. म्हणजे चावीतली चिप ओळखून मगच इंजिन चालू करणारी जी साधी सोय असते ती पैसे वाचवायला गाळली. शेजारी कॅनडात ती कायद्याने सक्तीची होती म्हणून तिथल्या गाड्यांत होती, अमेरिकेत नव्हती. मिलवॉकीत पोरांना हे आधी कळलं, स्टिअरिंगखालचं कव्हर तोडायचं आणि यूएसबी केबलच्या टोकाने फिरवून गाडी चालू, मग २०२२ च्या उन्हाळ्यात याचे व्हिडिओ टिकटॉकवर पसरले आणि देशभर गाड्या जायला लागल्या. काही इन्शुरन्स कंपन्यांनी काही शहरांत या मॉडेलची नवी पॉलिसी द्यायचंच थांबवलं. २०२३ मध्ये कंपनीने ८० लाखांच्या वर गाड्यांसाठी फुकट सॉफ्टवेअर अपडेट काढला.

तुम्ही काय करायचं? सोपं आहे, बटन स्टार्टवाली घ्या, तिच्यात इमोबिलायझर असतो. ह्युंदाईने नोव्हेंबर २०२१ पासून बनवलेल्या सगळ्या गाड्यांतही तो आहे. चावीवालीच मिळत असेल आणि भाव खरंच चांगला असेल तर अपडेट झालाय का ते डीलरकडे विन देऊन तपासा. अपडेट केलेली गाडी रिमोटच्या बटनाने लॉक केली तरच इंजिन अडवणारी सोय जागी होते, चावी दारात घालून लॉक केली तर नाही. हे विकणारा सांगत नाही कारण बऱ्याचदा त्यालाच माहीत नसतं. वर स्टिअरिंगला लावायचा लोखंडी दांडा घ्या, चोराला लांबून दिसतो.

दुसरा सापळा थीटा २ नावाच्या इंजिनाचा, २ आणि २.४ लिटरचं, २०११ ते २०१९ च्या सोनाटा, सांता फे स्पोर्ट, कियाच्या ऑप्टिमा, सोरेंटो, स्पोर्टेज यांतल्या बऱ्याच गाड्यांत हेच. आत कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजून इंजिन जाम होतं, २०१५ पासून रिकॉल निघत गेले आणि शेवटी कोर्टातल्या तडजोडीत कंपनीला त्या दोषासाठी लाइफटाइम वॉरंटी द्यावी लागली. ही वॉरंटी नव्या मालकालाही मिळू शकते, पण इंजिन-सेन्सरचा रिकॉल-अपडेट केलेला हवा आणि ऑइल बदलल्याचे कागद मागतात. त्यामुळे स्वस्तात सात हजारांना सोनाटा दिसली की आधी एनएचटीएसएच्या, म्हणजे रस्ते सुरक्षेच्या सरकारी खात्याच्या, साइटवर विन टाकून उरलेले रिकॉल बघा, मग विकणाऱ्याला सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नकोस. थंड इंजिन चालू केल्यावर पहिली दहा सेकंद बॉनेटपाशी उभे राहा, टक टक असा ठोका स्पीडबरोबर वाढत असेल तर तिथूनच परत फिरा. डिपस्टिक काढा, ऑइल खालच्या खुणेच्या खाली असेल तर गाडी ऑइल खातेय किंवा मालकाने बघितलेलंच नाही, दोन्ही वाईट. हे सगळं ठीक वाटलं तरी शंभर-दोनशे डॉलर देऊन बाहेरच्या मेकॅनिककडून तपासणी करून घ्याच. विकणारा तपासणीला नको म्हणाला तर विषय संपला.

भाव ठरवणं

शोरूममध्ये जाऊन भाव करू नका, ईमेलवर करा. कंपनी थेट विकत नाही, डीलरच विकतो, अगदी ॲमेझॉनवर ह्युंदाई दिसते तीही शेवटी डीलरचीच असते, त्यामुळे चार डीलरकडे एकच गाडी चार भावात असू शकते. मॉडेल, वर्ष, ट्रिम, रंग लिहून पन्नास-साठ मैलांतल्या पाच-सहा डीलरना एकच मेल टाका की मला या झिपकोडसाठी आउट द डोर किंमत लेखी पाठवा. आउट द डोर म्हणजे आपली ऑन-रोड किंमत, सेल्स टॅक्स, टायटल, रजिस्ट्रेशन, डॉक फी सगळं धरून. टॅक्स आणि रजिस्ट्रेशन सरकारचं, त्यात घासाघीस नाही. डॉक फी, म्हणजे कागदपत्रं करायची फी, मात्र डीलरची, कॅलिफोर्नियात तिला ८५ डॉलरची मर्यादा आहे आणि फ्लोरिडासारख्या राज्यात मर्यादाच नाही, तिथे ती शेकड्यांत जाते. ती कमी करत नाहीत पण मग गाडीच्या किमतीतून तेवढे काढून मागा.

अर्धे डीलर उत्तरात फक्त तुम्ही कधी येताय असं विचारतील, त्यांना सोडून द्या. उरलेल्यांत सगळ्यात कमी आकडा घेऊन दुसऱ्याला दाखवा. महिन्याचा शेवटचा आठवडा बरा. नवीन ग्रॅज्युएट असाल तर दोन्ही कंपन्यांच्या कॉलेज ग्रॅज्युएट सवलतीबद्दल स्वतःहून विचारा, आपणहून कोणी सांगत नाही.

सेल्समन फिरून फिरून एकच विचारेल, महिन्याला किती परवडतं? याचं उत्तर देऊ नका. वरचंच २२,००० चं लोन १२ टक्क्यांनी ८४ महिन्यांवर नेलं की हप्ता ३८८ होतो आणि तुम्ही खूश, पण एकूण व्याज १०,६०० डॉलर.

शेवटची खोली

भाव ठरला की तुम्हाला फायनान्सवाल्याच्या खोलीत बसवतात. दोन तास थांबून भूक लागलेली असते, बायको पोराला घेऊन बाहेर सोफ्यावर, आणि इथे खरे पैसे निघतात. एक्स्टेंडेड वॉरंटी, टायर-व्हील प्लॅन, चावी हरवली तर प्लॅन. नवी गाडी असेल तर १० वर्षांची पॉवरट्रेन आधीच आहे, त्यामुळे एक्स्टेंडेडला त्या दिवशी सरळ नाही म्हणा, वाटलं तर नंतरही घेता येते. गॅप इन्शुरन्स मात्र डाउन पेमेंट कमी असेल तर विचारात घ्या, गाडी टोटल झाली आणि लोन तिच्या किमतीपेक्षा जास्त राहिलं तर तो फरक भरतो, फक्त इथे न घेता तुमच्या इन्शुरन्स कंपनीला विचारा, तिकडे स्वस्त पडतो.

बायर्स ऑर्डरवरचा, म्हणजे खरेदीच्या करारावरचा, आकडा ईमेलमधल्या आकड्याशी ताडून बघा, ओळ न ओळ. बहुतेक राज्यांत डीलरकडे सही केल्यावर तीन दिवसांत गाडी परत देता येते ही नुसती अफवा आहे. लोन मंजूर झालंय असं लेखी नसताना गाडी घरी नेऊ नका, आठवड्याने फोन येतो की बँकेने नाही म्हटलं, आता व्याज वाढवून परत सही करा. २००९ च्या मंदीत ह्युंदाईने नोकरी गेली तर गाडी परत घेऊ अशी स्कीम काढली होती, एच-१बी वाल्यांना आज तशी हवी होती, पण नाहीये, म्हणून हप्ता एका पगारात बसेल असाच ठेवा.

इन्शुरन्स आणि पहिले काही महिने

इन्शुरन्सचा कोट गाडी ठरवायच्या आधी घ्यायचा, नंतर नाही. दोन-तीन गाड्यांचे विन देऊन चार कंपन्यांचे कोट मागा, त्याच पत्त्यावर एलांट्रा आणि के४ मध्येही फरक निघतो, आणि चावीवाली जुनी गाडी असेल तर तो फरक डोळ्यात भरतो. लोन असेल तर कोलिजन (धडकेत झालेलं आपल्या गाडीचं नुकसान) आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह (चोरी, गारपीट वगैरे) दोन्ही बँकच मागते. राज्याने सांगितलेली किमान लायबिलिटी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा विमा, तेवढीच घेऊन थांबू नका, कॅलिफोर्नियाने २०२५ पासून ती वाढवली तरी माणसामागे ३० हजार डॉलरच आहे आणि इथे हॉस्पिटलची एक रात्र त्यात बसेल याची खात्री नाही.

गाडी मिळाली की टेम्पररी प्लेटची तारीख फोनमध्ये टाका, खरी प्लेट पोस्टाने उशिरा येते आणि तारीख उलटली तर पोलीस तुम्हाला थांबवतो, डीलरला नाही. एनएचटीएसएकडे आणि कंपनीच्या ॲपवर विन नोंदवा म्हणजे रिकॉलचा मेल येतो. ऑइल चेंज मॅन्युअलमध्ये दिलंय त्या मैलांवर करा, कुठेही केलं तरी चालतं, डीलरकडेच करायला हवं असं नाही. फक्त पावतीवर तारीख, मैल आणि विन छापलेलं असलं पाहिजे, आणि त्या पावतीचा लगेच फोटो काढून ठेवा, कारण थर्मल कागदावरची शाई वर्षभरात उडते आणि इंजिनच्या क्लेमला नेमकी तीच मागतात.